दुर्बीण घ्यायला जाताना खिशात टेप ठेवा

दर दिवाळीनंतर माझ्या दुकानात दोन-तीन दुर्बिणी येतात. विकायला नाही, दुरुस्तीला. कराडात माझं चष्म्याचं दुकान आहे. दुर्बिणीचा आणि माझ्या धंद्याचा तसा संबंध नाही, पण लोकांचा हिशोब सरळ असतो: काच म्हटली की चष्मेवाला.

गेल्या नोव्हेंबरात ओगलेवाडीचे एक गृहस्थ आले. ओगलेवाडी म्हणजे जिथे ओगल्यांचा काच कारखाना होता, प्रभाकर कंदील बनायचे, तीच. बरोबर आठवीतली मुलगी, तिच्या कडेवर लांबलचक खोका. "काका, हिच्यातनं काय बी दिसंना. चंद्र दिसला कसाबसा, बाकी नुसता काळोख." मी नळी हातात घेतली. तोंडावर मोठं काळं झाकण होतं, आणि त्या झाकणात पाच रुपयांच्या नाण्याएवढं आणखी एक छोटं झाकण. त्यांनी छोटं काढलं होतं, मोठं तसंच होतं. ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून बापलेक महिनाभर पंचवीसेक मिलिमीटरच्या भोकातून बघत होते. मी मोठं झाकण काढून टेबलावर ठेवलं. मुलीनं हसू दाबलं. वडिलांनी माझ्याकडे न बघता "चहा सांगू का?" म्हणून विचारलं.

झाकणाचा प्रश्न फुकटात सुटला. खोक्यावर छापलेल्या आकड्याचा सुटत नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

त्या खोक्यावर ठळक अक्षरांत होतं: ५२५ पट. हा आकडा खोटा नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो. दुर्बिणीच्या फोकल लांबीला (भिंगापासून किंवा आरशापासून उजेड एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, फोकल लांबीनं भागलं की किती पट ते निघतं. नळीवर ७०० लिहिलेलं, सोबत ४ मिमीचा आयपीस. ७०० भागिले ४, झाले १७५. मग खोक्यात एक प्लास्टिकचा बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी लावायचं जादा भिंग, असतो, तो त्याची तिप्पट करतो. ५२५. गणित चोख. पण वाटीभर आमटीत तांब्याभर पाणी ओतलं की आमटी वाढते, चव वाढत नाही. दुर्बिणीत जेवढा उजेड शिरला तेवढाच तुम्ही पसरत जाता. ढोबळ मर्यादा अशी, की तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याची दुप्पट करायची. ७६ ला १५२. तेही हवा निवांत असेल तर. माझ्या गच्चीवरून मी शंभर-सव्वाशेच्या वर क्वचितच जातो.

हे शहाणपण मला विकत मिळालंय. २०२० च्या डिसेंबरात गुरू आणि शनी अगदी जवळ येणार म्हणून मी अशीच एक ७६/७०० ऑनलाइन मागवली, साडेसहा हजारांना. २१ डिसेंबरला संध्याकाळी गल्लीतली पंधरा-वीस माणसं मास्क लावून गच्चीवर. नैर्ऋत्येला दोघं दिसत होते, आठच्या सुमाराला मावळणार होते. मी पठ्ठ्या ५२५ लावून बसलो. शनी आत आला की थरथरत निघून जायचा. स्टँडला हात लावला की अख्खं आभाळ नाचायचं. पाऊण तास गेला. शेवटी वैतागून माझ्या बायकोनं बार्लो काढला, २० मिमीचा आयपीस घातला आणि म्हणाली, "आता बघा." ३५ पट. एकाच चकतीत दोघं: गुरू, त्याच्या बाजूला ओळीत त्याचे चंद्र, आणि जरा वर कडीवाला शनी, ज्वारीच्या दाण्याएवढा. सगळ्यांनी बघितलं, ते मावळेपर्यंत.

नंतर हिशोब केला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी दोघांमध्ये सुमारे ६ कलांचं अंतर होतं (६० कलांचा एक अंश), आणि ५२५ पटीत त्या आयपीसमधून जेमतेम चार-साडेचार कलांचं आकाश दिसतं. म्हणजे स्टँड लोखंडी खांबाइतका घट्ट असता, तरी दोघं एकत्र मावलेच नसते. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे तेवढ्या चकतीतून ग्रह वीस सेकंदांच्या आत बाहेर जातो.

तेव्हा पहिली गोष्ट: खोक्यावर पटीचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत असेल तर तो खोका खाली ठेवा. ज्याला दुर्बीण कळते तो तोंडाचा व्यास मोठ्या अक्षरांत छापतो.

तोंड

रात्री अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. (पन्नाशीनंतर तेवढीही नाही. हे मी रोज टॉर्च मारून बघतो.) ७० मिमीचं भिंग म्हणजे व्यासाला दहापट, आणि उजेडाला दहा गुणिले दहा, शंभरपट. १३० मिमीचा आरसा घेतला तर साडेतीनशेपटीच्या आसपास. व्यास थोडा वाढला की उजेड वर्गानं वाढतो, म्हणून पैसे वाढवायचे असतील तर इथे वाढवा. सोबत मिळणारी बॅग, चंद्राचा नकाशा, होकायंत्र, मोबाइलचा क्लिप यांच्यावर नाही.

पण लिहिलेला व्यास खरा आहे का तेही बघायचं. स्वस्तातल्या भिंगाच्या दुर्बिणींत एक लबाडी सर्रास असते. पुढचं भिंग ५० मिमीचं, पण त्याच्या मागे चार बोटांवर काळ्या प्लास्टिकची चकती, मधलं भोक ३० मिमी सुद्धा नाही. भिंग वाईट असतं, कडेचा उजेड रंग फाकवतो, म्हणून कंपनी तो अडवूनच टाकते. तोंडातून आत डोकावलं तर ती अंगठी दिसते. नाही दिसली तर मोठ्या नंबराचा आयपीस लावून लांबच्या वस्तूवर फोकस करा, मग मोबाइलचा टॉर्च आयपीसला टेकवा आणि नळीच्या तोंडासमोर पांढरा कागद धरा. उजेडाचा गोल मोजा. तो गोल म्हणजे तुम्ही विकत घेत असलेली दुर्बीण.

टेप म्हणतोय तो यासाठी, आणि दुसऱ्या एका मापासाठीही. साध्या भिंगाच्या किंवा आरशाच्या दुर्बिणीची नळी तिच्या फोकल लांबीएवढीच असते, पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे. नळीवर १००० मिमी लिहिलंय आणि नळी मात्र अर्धा मीटर भरली, तर आरशाच्या दुर्बिणीत फोकसरच्या, म्हणजे आयपीस पुढेमागे सरकवणाऱ्या नळीच्या, आत एक जादा भिंग बसवलेलं आहे असं समजा. आरसे जुळवायची वेळ आली की हे भिंग मध्ये येतं आणि नवख्याची वाट लागते. असल्या दुर्बिणी ११४ आणि १२७ मिमीच्या असतात, दिसायला ऐटदार असतात, किंमतही बरी वाटते. घेऊ नका. (मॅक्सुतोव नावाच्या आखूड दुर्बिणी वेगळ्या. त्यांच्यात उजेड आत वळसे घेतो. त्या चांगल्या असतात आणि आपल्या बजेटच्या बाहेर असतात.)

पाय

लोक नळी विकत घेतात, स्टँड फुकट आलाय असं समजतात. निम्मी दुर्बीण स्टँडमध्ये असते.

दुकानात स्टँडचे पाय पूर्ण उघडून नळी लावायला सांगा. लांबच्या एखाद्या वस्तूवर फोकस करा, नळीला बोटानं टिचकी मारा आणि मनात मोजा. दोनपर्यंत चित्र थांबलं तर उत्तम. पाचपर्यंत थरथरत राहिलं तर आभार मानून निघा. पाय अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, डोक्याचा भाग फोटोच्या ट्रायपॉडसारखा प्लास्टिकचा, स्क्रू आवळला की चित्र बोटभर खाली घसरतं: ही सगळी लक्षणं एका रोगाची.

स्टँडचे दोन प्रकार भेटतील. एक साधा, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे फिरणारा. दुसरा तिरक्या आसाचा, वजनाची दांडी लोंबणारा, ज्याला इक्वेटोरियल म्हणतात. दुसरा दिसायला शास्त्रज्ञाचा वाटतो आणि पालक त्यालाच भुलतात. त्याचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. आता आपल्याकडे ध्रुव किती उंच? जेवढा गावाचा अक्षांश तेवढा. कराडात १७ अंश, पुण्यात साडेअठरा. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ साधारण १० अंश. म्हणजे ध्रुव दोन मुठींच्याही खाली, बहुतेकांच्या गच्चीवरून तो शेजारच्या टाकीमागे किंवा नव्या बिल्डिंगमागे. वर असले स्वस्त स्टँड एवढ्या कमी अक्षांशावर कलते केले की वजनाची दांडी पायावर आपटते. मी एक घेऊन बघितलाय, त्याच्यावर आता दुकानातली कुंडी आहे. पहिल्या दुर्बिणीला साधा स्टँड घ्या, बारीक हलवायला दोन लवचीक दांड्या असतील तर फारच छान.

तिसरा प्रकार डॉब्सन. जॉन डॉब्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं तो लोकप्रिय केला. ट्रायपॉडच नाही, एक लाकडी पेटी, तिच्यात नळी तोफेसारखी बसते. हातानं ढकलायची, सोडली तिथे थांबते. पैशाच्या मानानं याच्यासारखा पाय नाही.

आयपीस, आणि चष्मा असलेल्यांसाठी

खोक्यातल्या आयपीसवर छोटी अक्षरं असतात. एच म्हणजे हायगेन्स, एसआर म्हणजे रॅम्सडेन, दोन्ही जुन्या, सोप्या रचना. 'एसआर ४' हा आयपीस मी ज्याच्या त्याच्या खोक्यात बघतो. भोक मिरीच्या दाण्याएवढं, पापणी टेकल्याशिवाय काही दिसत नाही. तो आणि बार्लो कपाटात टाका. 'एच २०' ठीक. त्यापेक्षा 'के' म्हणजे केलनर बरा आणि प्लॉसल चांगला. आयपीसची नळी सव्वा इंची असल्याची खात्री करा, म्हणजे पुढे चांगला आयपीस स्वतंत्र घेता येतो. जुन्या खेळण्यातल्या दुर्बिणींना एक इंचाहून किंचित बारीक आयपीस असतो, त्याला आता बाजारात भाऊबंद मिळत नाहीत.

आयपीसची काच तपासायची माझी रीत सांगतो. ट्यूबलाइटखाली तो तिरका धरा. काचेत ट्यूब पांढरी शुभ्र दिसली तर कोटिंग नाही. हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसली तर आहे. अँटीग्लेअर चष्मा दाखवताना गिऱ्हाइकाला मी हेच दाखवतो. काच की प्लास्टिक अशी शंका असेल तर हळूच गालाला लावा. काच गार लागते. नंतर बोटाचा किंवा गालाचा डाग पुसायला शर्टाचं टोक वापरू नका एवढीच विनंती.

आता चष्मा. हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि दुर्बीण विकणारे कधी सांगत नाहीत. नुसता मायनस किंवा नुसता प्लस नंबर असेल तर चष्मा काढून ठेवा. फोकसरचं चाक थोडं फिरवलं की तुमचा नंबर भरून निघतो. मग दुसरा माणूस आला की त्याला परत फिरवावं लागेल, त्यावरून घरात भांडू नका. सिलिंडर नंबर (बुबुळ सगळीकडे सारखं गोल नसल्यामुळे येणारा) असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो फोकसनं जात नाही. मात्र इथे एक सवलत आहे. तोंडाच्या व्यासाला पटीनं भागलं की आयपीसमधून बाहेर येणाऱ्या झोताची जाडी मिळते. ७० मिमीला २८ पट लावली तर झोत अडीच मिमीचा, ७० पट लावली तर एक मिमीचा. एवढा बारीक झोत बुबुळाचा इतका थोडा भाग वापरतो की सिलिंडर बहुतेकांना जाणवतच नाही. म्हणजे सिलिंडरवाल्यांनी ग्रह बघताना चष्मा काढावा, आणि कमी पटीत तारकागुच्छ बघताना घालावा. चष्म्यासकट बघायचं तर डोळा आयपीसपासून लांब ठेवूनही पूर्ण चकती दिसली पाहिजे. २५ मिमीच्या प्लॉसलला सतराएक मिमी अंतर मिळतं, चालतं. १० मिमीच्या प्लॉसलला सातएक मिमी, चष्म्याची काच आपटते.

किती पैशात काय

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीची एक दुर्बीण चांगली आणि तिच्या शेजारचीच भंगार, असं मी पाहिलंय. भावही दुकानागणिक बदलतात, तेव्हा आकडे अंदाजाचे धरा.

पाच हजारांच्या आत दुर्बीण घेऊच नका, द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. १० बाय ५० किंवा ७ बाय ५०. पहिला आकडा पट, दुसरा भिंगाचा व्यास. झूमवाली नको. अंगणात खाटेवर पाठ टेकून कोपर दोन्हीकडे रोवलं की गुरूचे चंद्रसुद्धा दिसतात, आणि कृत्तिकांचा गुच्छ तर दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीतच जास्त देखणा. पोरानं दोन महिन्यांनी नाद सोडला तरी ती पक्षी बघायला, क्रिकेटला, जत्रेला उपयोगी पडते.

आठ ते बारा हजारांत ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी फोकल लांबीची भिंगाची दुर्बीण, साध्या स्टँडवर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, लहान मुलांच्या घराला मी हीच सांगतो. आरसे जुळवायची भानगड नाही, उचलली की बाल्कनीत. २५ आणि १० चे आयपीस असले की २८ आणि ७० पट. शनीची कडी, गुरूचे पट्टे, शुक्राच्या कला, चंद्र मनसोक्त. याच्याहून आखूड, ७०/३०० किंवा ७०/४०० अशा प्रवासी दुर्बिणी मिळतात. त्या वाईट नसतात, पण ग्रहांभोवती जांभळी किनार जास्त दिसते.

वीस-पंचवीस हजारांपर्यंत ताणता येत असेल तर १३० मिमीची, ६५० फोकल लांबीची, टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सन. आरसा 'पॅराबोलिक' आहे का हे मात्र विचारा. एवढ्या आखूड दुर्बिणीत साधा गोलीय आरसा तारा टिंबासारखा आणत नाही. टेबल म्हणून तीन पायांचं लाकडी स्टूल वापरा. चार पायांचं गच्चीवर डुगडुगतं, तीन पायांचं कधीच नाही. माझ्याकडे सध्या हीच आहे.

मधल्या पैशात, पंधरा हजारांच्या आसपास, सगळ्यात जास्त माल आणि सगळ्यात जास्त फसवणूक. तिथे घाई करण्यापेक्षा वर्षभर द्विनेत्री वापरा आणि पैसे साठवा.

जुनी मिळत असेल तर घ्या, फक्त बुरशी बघा. भिंगामागून तिरका उजेड मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. कोकणातून आलेल्या दुर्बिणीत हमखास. वरवर असेल तर निघते, कोटिंग खाल्लं असेल तर नाही. आरशावर धूळ दिसली म्हणून मात्र नाक मुरडू नका. टॉर्चमध्ये कुठलाही आरसा भयाण दिसतो.

तपासणी उन्हात

दुर्बीण घेताना आकाश लागत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला विजेचा खांब आहे, त्यावर चिनी मातीचा पांढरा इन्शुलेटर. सूर्य पाठीमागे असताना त्या इन्शुलेटरच्या गोलाईवर सुईच्या अग्राएवढा एक चकाकता ठिपका पडतो. तो माझा तारा. जास्तीत जास्त पटीचा बरा आयपीस लावून ठिपका मधोमध घ्या. फोकस झाला की तो बारीक टिंब व्हायला हवा. मग फोकसरचं चाक थोडं आत, थोडं बाहेर फिरवा. दोन्ही बाजूंना ठिपका फुगून गोल चकती होते. दोन्हीकडच्या चकत्या गोल आणि सारख्या तर भिंग किंवा आरसा ठीक. एका बाजूला शेपटी फुटली तर आरसा तिरका बसलाय, तो स्क्रूनं जुळवता येतो. चकती तिकोनी झाली तर काच आवळून बसवलीय. टिंब होतच नसेल, नुसता पिठाचा डाग राहत असेल, तर दुसरी दाखवा म्हणा.

ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करा. मी केलं नव्हतं.

त्याहून चांगलं म्हणजे आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतं. तिथे चार-पाच प्रकारच्या दुर्बिणी रांगेत मांडलेल्या असतात. आणि हौशी माणूस आपली दुर्बीण कशी वाईट आहे हे दुकानदारापेक्षा खरं सांगतो.

दुर्बीण घ्यायचा महिना ऑक्टोबर. जूनमध्ये वाढदिवसाला दुर्बीण देणाऱ्या आईबापांना माझा हात जोडून नमस्कार. चार महिने पोर ढग बघतं आणि दसऱ्यापर्यंत खोका माळ्यावर जातो.

पहिल्या रात्री

नळीवरचा छोटा फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाच जुळवून ठेवा. मोबाइलच्या टॉवरचं टोक मोठ्या दुर्बिणीत मधोमध घ्यायचं आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणायचं. हे न करता रात्री शनी शोधणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, तिला हवेइतकं गार होऊ द्या. गच्चीचा स्लॅब दिवसभराची ऊब रात्री दहापर्यंत सोडत असतो, त्यावरून ग्रह पाण्यातल्या नाण्यासारखा हलतो. अंगण किंवा शेत असेल तर तिथे बसा.

चंद्रापासून सुरुवात, पण पौर्णिमेला नाही. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत पिठाची भाकरी दिसतो. अष्टमीला बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात तिथे. गुरू सापडला की त्याचे चार चंद्र काढून ठेवा, वहीत चार टिंबं. दुसऱ्या दिवशी परत. गॅलिलिओनं १६१० मध्ये हेच केलं, आणि त्याची दुर्बीण तुमच्यापेक्षा वाईट होती. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये नेमकी कडेनं आली होती, दिसेनाशी झाली होती. आता ती पुन्हा उघडतायत.

फोटोतले रंग मनातून काढून टाका. मृगातला तेजोमेघ डोळ्याला करडा, धुरकट दिसतो. देवयानी दीर्घिका म्हणजे फुंकर मारलेला खडूचा डाग. एक चीज मात्र आपली खास आहे: मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेला, अडीच मुठी उंचीवर, ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ. गावाबाहेर अंधारात, पाटणच्या बाजूला वगैरे, छोट्या दुर्बिणीतही तो कापसाच्या बोंडासारखा दिसतो. युरोपात बऱ्याच ठिकाणांहून तो क्षितिजावर येतच नाही.

सूर्याकडे दुर्बीण नेऊ नका. खोक्यात आयपीसला लावायची काळी 'सन' फिल्टर काच मिळाली असेल तर ती आजच फोडून टाका. उजेड एकवटतो तिथेच ती बसते, तापते आणि तडकते, आणि डोळा त्या क्षणी तिथेच असतो. आतल्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे जळताना दुखत नाही. मी डोळ्याचा डॉक्टर नाही, पण असा गेलेला डोळा कुठल्याही चष्म्यानं परत येत नाही हे मला माहीत आहे. मुलं असतील तर दिवसा फाइंडरलाही झाकण ठेवा.

पावसाळ्यात दोन्ही झाकणं लावून, सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात. पुड्या दर महिन्याला बदला. भिंगाला हवेचा फुगा मारा, पुसू नका. आरशाला तर हातच लावू नका. घरातल्या आरशाचा मुलामा काचेमागे असतो, याचा काचेवर असतो, एकदा घासला की गेला.

आणि ५२५ वाली आधीच घेतली असेल तर

टाकू नका. माझी ७६/७०० अजून आहे. नळी आणि आरसा बरे होते, पाय वाईट होते. सुताराकडून प्लायची एक उघडी पेटी करून घेतली, नळीला दोन बाजूंना लाकडी कान, पेटीच्या कडांना अर्धगोल खाचा. पेटीखाली गोल पाट, त्यावर सनमायका, आणि पेटीच्या बुडाला खुर्चीच्या पायाला मारतात ती नायलॉनची तीन बटणं. एका बोटानं फिरते. कॅरमची पावडर टाकायचा मोह झाला होता, टाकली, मग नुसती भिंगरी झाली, पुसून काढली. हजाराच्या आत काम झालं. २५ मिमीचा एक प्लॉसल वेगळा घेतला.

ओगलेवाडीच्या मुलीला ती पेटी दाखवली. तिनं माझ्याच टेपनं तिची मापं घेऊन वहीत आकृती काढली, कानांचा व्यास दोनदा मोजला. तिला एकच सांगितलं: प्लाय मरीनचाच घे म्हणावं सुताराला, माझी साधी पेटी पहिल्याच जुलैत फुगली आणि नळी आत अडकून बसली.